बीसीजीचे डोस आणि सुजलेले सांधे : मूत्राशयाच्या कर्करोगाच्या उपचारात झालेला त्रास

गोदाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे डोस घेताना गुडघे, घोटे, मनगटं सुजण्याचा त्रास तुमच्यापैकी कुणाला, किंवा घरच्या कुणाला, झाला आहे का? माझ्या वडिलांना झाला. तो कशामुळे हे कळेपर्यंत घर पार हवालदिल झालं होतं. इतरांचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा साठीच्या पुढचे, नाशिकला असतात. वसंतात लघवीतून रक्त गेलं. दुखणं-खुपणं काही नाही, नुसतं लाल पाणी. सोनोग्राफीत गाठ दिसली, ती दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट आला हाय ग्रेड, टी-१, म्हणजे गाठ अस्तराखालच्या थरात गेलेली, पण स्नायूत शिरलेली नाही. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून त्या जागेचे तुकडे तपासले, तेव्हाही स्नायू मोकळा होता. मूत्राशय वाचवायचं तर बीसीजी, असं युरोलॉजिस्टनी सांगितलं. आठवड्याला एक, असे सहा डोस. नळीतून औषध आत सोडायचं, दोन तास लघवी धरायची, मग सोडायची.

पहिले काही डोस ठीक गेले. जळजळ, सारखं लघवीला जावंसं वाटणं, एक दिवस कणकण. हे सगळं आधीच सांगितलेलं होतं. पाचव्या डोसनंतर मात्र ताप हटेना. आधी डावा घोटा, मग उजवा गुडघा, मग दोन्ही मनगटं. गुडघा इतका टरारला की वाटी दिसेनाशी झाली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे, आणि पोळीचा घास तोडता येईना म्हणून आई कुस्करून द्यायची. डोळेही लालभडक झाले होते.

जवळच्या डॉक्टरांना चिकुनगुन्या वाटला. दिवस श्रावणाचे, गल्लीत दोन-तीन घरी तीच साथ, त्यामुळे त्यांनाही नवल नव्हतं. तपासणी निगेटिव्ह आली. युरिक ॲसिड ठीक निघालं. मग नात्यातलं कुणीतरी म्हणालं, "कॅन्सर हाडात उतरला असेल." त्या दिवसापासून आईचं जेवण सुटलं.

मला सांगायचं आहे ते पुढचं. सहाव्या डोसच्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. लघवीचा रिपोर्ट पाहिला, ताप विचारला, रक्त जातं का विचारलं. सांध्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि बाबाही गप्प. डोस चुकला तर आजार उलटेल ही त्यांना धास्ती. नळी घालायच्या आधी मी त्यांच्या पायजम्याची घडी वर करून गुडघा दाखवला. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि डोस तिथेच थांबवला.

पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं : गढूळ, भरपूर पांढऱ्या पेशी, जंतू नाहीत, युरिक ॲसिडचे खडे नाहीत. टीबीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, पाठवलं आहे. एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण रक्तात पॉझिटिव्ह आली. निदान : बीसीजीमुळे झालेला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यात जंतू नसताना आलेली सूज. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी थोडाच फरक पडला, मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सोबत क्षयावरचं आयसोनियाझिड सुरू केलं. आता ते भिंतीला धरून चालतात.

कुणाला अनुभव असेल तर सांगा, हे पूर्ण बरं व्हायला किती काळ जातो? आणि बीसीजी बंद झालं तर त्याऐवजी पुढे काय दिलं गेलं?

केवडा | २१ ऑगस्ट, रात्री

ताई, वाचून जीव कळवळला. बाबांना आराम पडो. एक शंका आहे. बीसीजी म्हणजे बाळ जन्मल्यावर दंडावर देतात तीच लस ना? तिचा कर्करोगाशी काय संबंध? आणि दंडावरच्या लसीने कधी सांधे सुजलेले ऐकले नाहीत.

मेपलपान | २२ ऑगस्ट, पहाटे

केवडा, तीच. अल्बर्ट काल्मेट आणि कमिल गेराँ या दोघांनी १९०८ पासून फ्रान्समधल्या लील शहरात गाईंच्या क्षयाचा जंतू बटाटा, पित्त आणि ग्लिसरीनच्या खाद्यावर पुन्हा पुन्हा वाढवला. तेरा वर्षं, २३० वेळा. त्यात त्याची रोग करण्याची ताकद गेली, पण जंतू जिवंत राहिला. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा बाळाला दिला.

मूत्राशयातला उपयोग मी राहते त्या कॅनडातला. किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव छापला, तिथून हा उपचार जगभर गेला. आठवड्याला एक असे सहा डोस का, याबद्दल इथे नेहमी सांगतात की त्यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे. पन्नास वर्षं होत आली तरी पहिल्या टप्प्याचे सहाच डोस चालू आहेत, कारण ते लागू पडतात.

माझ्या सासऱ्यांना इथे बीसीजी चालू होतं. त्यांना सांध्यांचा त्रास झाला नाही, पण डोस मिळण्याचाच झाला. एका मोठ्या कंपनीने उत्पादन बंद केल्यापासून बऱ्याच देशांत तुटवडा आहे. भारतात पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीचं बीसीजी बनवते, ही मोठीच सोय आहे.

शिरीषपान | २२ ऑगस्ट, सकाळी

मी संधिवाततज्ज्ञ आहे, पुण्यात काम करतो. इथे कुणाला औषधाची मात्रा सांगणार नाही, पण गोदाकाठ यांनी जे लिहिलं आहे ते इतकं नेमकं आहे की त्यात थोडी भर घालावीशी वाटते.

केवडा यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दंडावर कातडीत दिली जाणारी लस अगदी कणभर असते. मूत्राशयात सोडतात तेव्हा त्या जंतूंची संख्या कोटींच्या घरात असते, आणि तीही आठवड्यामागून आठवडा. मूत्राशयाच्या अस्तराला ते चिकटतात, पेशींत शिरतात, आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. टी-पेशी, एनके-पेशी, न्यूट्रोफिल अशा रक्षक पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्या माऱ्यात कर्करोगाच्या पेशीही मरतात. उपचार हाच आहे. तो बीसीजीचे जंतू करत नाहीत, रुग्णाची प्रतिकारशक्ती करते.

काही थोड्या लोकांत ही जागी झालेली प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावरही उलटते. प्रमाण कमी, शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. बहुधा चौथ्या-पाचव्या-सहाव्या डोसनंतर. गुडघे, घोटे, मनगटं ही आवडती ठिकाणं. सोबत ताप आणि लाल डोळे. नोंदवलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत एचएलए-बी२७ सापडतं, सर्वसाधारण लोकांत ते फार थोड्यांत असतं. पण ते निगेटिव्ह आलं म्हणून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही.

हाडात कर्करोग उतरल्याचं हे लक्षण नव्हे. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घरात हीच भीती असते. एकाच आठवड्यात तीन-चार सांधे लाल होऊन सुजणं, ही कर्करोग पसरण्याची रीत नाही.

आणि आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना हा आजार अगदीच अनोळखी नाही. फुप्फुसात किंवा गाठींमध्ये क्षय आणि सांध्यात जंतू नसतानाही सूज, याचं वर्णन फ्रान्समधल्या लिआँचे शल्यचिकित्सक आंतोनँ पोंसे यांनी १८९७ मध्ये केलं होतं. 'पोंसेचा आजार' म्हणून तो आजही शिकवतात, आणि क्षयाचं प्रमाण मोठं असल्यामुळे भारतात तो दिसतोही. बीसीजीचा संधिवात त्याचाच जवळचा भाऊ.

कृष्णाकाठचा | २२ ऑगस्ट, दुपारी

मी स्वतः पेशंट. सांगलीकडचा, निवृत्त आहे. माझे सहा डोस झाले, नंतर तीन महिन्यांनी तीन, सहा महिन्यांनी तीन, असे मेंटेनन्सचेही, म्हणजे आजार परतू नये म्हणून पुढे द्यायचे, बरेच झाले. डोस झाला की दोन-तीन दिवस सगळं अंग ठणकायचं. गुडघे, खांदे, बोटं. पण सूज कधी आली नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं वेगळं आणि सुजणं वेगळं. दुखलं तर साधी गोळी घ्या, दोन दिवसांत जातं. सांधा सुजला, गरम लागला, सकाळी उठल्यावर तासभर वळेना झाला, तर पुढचा डोस न घेता आधी मला दाखवा.

त्यामुळं मी दर डोसच्या आधी आंघोळीच्या वेळेस दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघत असे. तुमच्या वडिलांचं वाचून वाटलं की आपल्या डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं ते किती बरं केलं.

बाबांना सांगा, मीही डोस चुकेल म्हणून घाबरत होतो. मधे लघवीत इन्फेक्शन निघालं आणि तीन आठवडे डोस लांबला. त्यानं काही आभाळ कोसळलं नाही. दर तीन महिन्यांची दुर्बीण आजपर्यंत स्वच्छ आहे.

पारिजातक | २२ ऑगस्ट, संध्याकाळी

माझ्या मामांचा अनुभव थोडा निराळा आहे, पण धाग्यात बसेल. त्यांना बीसीजी लागू पडलं नाही, मूत्राशय काढायचं ऑपरेशन हृदयामुळे झेपणारं नव्हतं, म्हणून मुंबईत पेम्ब्रोलिझुमॅब शिरेतून सुरू केलं. हेही इम्युनोथेरपीच, म्हणजे बीसीजीसारखं प्रतिकारशक्तीकडून काम करवून घेणारं. चार-पाच महिन्यांनी बोटांचे पेर सुजले, शर्टाची बटणं लागेनात. पहिल्यांदा आम्ही वयाचा संधिवात म्हणून सोडून दिलं, त्यांच्या आईलाही तो होता. ऱ्हुमॅटॉइडच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, मग कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे या औषधानेही होतं.

त्यांचं औषध थांबवल्यावरही सांधे दुखत राहिले. कमी मात्रेत स्टेरॉइड आणि नंतर मेथोट्रेक्झेट हे संधिवातावरचं औषध अजून चालू आहे. शिरीषपान, हे दोन्ही एकच का?

शिरीषपान | २२ ऑगस्ट, रात्री

नाही, वाटा वेगळ्या आहेत. बीसीजीत जिवंत जंतू सोडून प्रतिकारशक्ती चेतवली जाते, आणि बहुतेकांत डोस थांबवले, औषध दिलं की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सांधे शांत होतात. पेम्ब्रोलिझुमॅब प्रतिकारशक्तीवर निसर्गाने घातलेला पीडी-१ नावाचा आवर काढून टाकतं. बीसीजीला न जुमानणाऱ्या काही रुग्णांसाठी त्याला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. आवर एकदा सुटला की सांध्यांची सूज औषध बंद झाल्यावरही महिनोन्‌महिने राहू शकते. मामांना मेथोट्रेक्झेट लागलं यात काही वावगं नाही. सूज औषधाची आहे हे कळल्यावर कर्करोगाचे डॉक्टर आणि सांध्यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात का, हे मात्र दोन्हीकडे तितकंच महत्त्वाचं.

औषधीगुण | २३ ऑगस्ट, सकाळी

मी फार्माकॉलॉजी शिकवतो. बीसीजी आणि सांधे हे नातं आमच्या प्रयोगशाळेत रोजचं आहे. क्षयाच्या कुळातले मारलेले जंतू तेलात घोटून उंदराच्या पंजात किंवा शेपटीच्या मुळाशी टोचले, की दहा-बारा दिवसांत त्याचे दुसरे पायही सुजतात. कार्ल पीअरसन यांनी १९५६ मध्ये हे दाखवलं, आणि संधिवाताच्या कित्येक औषधांची पहिली पारख याच उंदरांवर झाली. टोचलं एका ठिकाणी, सुजले दुसरीकडचे सांधे, आणि त्या सांध्यांत जिवंत जंतू नाहीत. जंतूंच्या काही प्रथिनांचं कूर्चेतल्या घटकांशी साम्य असतं आणि टी-पेशी फसतात, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. माणसात सगळं तसंच घडतं असा दावा मी करणार नाही. पण मूत्राशयात औषध सोडलं आणि घोटा का सुजावा, असं वाटणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

सुगरणघर | २३ ऑगस्ट, दुपारी

ताई, राग मानू नका, पण इतकी औषधं सोसण्यापेक्षा गुळवेलीचा काढा देऊन बघा. आमच्याकडे प्रतिकारशक्तीसाठी सगळे घेतात. सांध्यांना निर्गुडीचा शेकही छान.

गोदाकाठ | २३ ऑगस्ट, रात्री

राग कसला, आपुलकीने लिहिलंत. शेकाबद्दल विचारलं होतं, सूज आणि ऊब असलेल्या सांध्याला सध्या शेक नको, थंड पट्टी ठेवा असं सांगितलं आहे. काढा मात्र देणार नाही. बाबांच्या सांध्यांना त्रास प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे झालेला नाही, ती फार चेतल्यामुळे झाला आहे. शिवाय आयसोनियाझिड यकृताला जड जाऊ शकतं, त्यासाठी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या चालू आहेत.

शिरीषपान | २३ ऑगस्ट, रात्री

गोदाकाठ यांचं म्हणणं अगदी योग्य आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. आयसोनियाझिडच्या जोडीला तर ती नकोच.

चाफेकळी | २४ ऑगस्ट, सकाळी

माझ्या आईचे डोस पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहेत. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं रिप्लेसमेंट झालेलं आहे. हा धागा वाचून पोटात गोळा आला. बीसीजी घ्यावं की नाही?

शिरीषपान | २४ ऑगस्ट, दुपारी

चाफेकळी, कृत्रिम गुडघा आहे म्हणून बीसीजी देतच नाहीत, असं नाही. अशा अनेकांना ते दिलं जातं आणि निभावतं. पण युरोलॉजिस्टना हे ठाऊक असलंच पाहिजे, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. कारण इथे प्रश्न वेगळा असू शकतो : बीसीजीचे जंतू क्वचित रक्तातून जाऊन कृत्रिम सांध्यात खरंच ठाण मांडतात, आणि तो त्रास डोस संपल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनीही उघड होतो. नेहमीच्या जंतूंचं कल्चर तेव्हा निगेटिव्ह येतं. मायकोबॅक्टेरियाचं, म्हणजे क्षयाच्या कुळातल्या जंतूंचं, कल्चर मुद्दाम मागावं लागतं, आणि त्याच्या उत्तराला सहा ते आठ आठवडे लागतात.

स्टेरॉइड सुरू करण्याआधी गुडघ्यातलं पाणी काढून बघतात ते यासाठीच. पाण्यात जंतू नसतील तर तो रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस, तिथे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, न भागल्यास स्टेरॉइड, आणि काही वेळा क्षयावरची औषधं जोडीला. जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. आणखी एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी निसटते. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांतलं पायराझिनामाइड बीसीजीवर चालत नाही, गाईच्या क्षयाच्या जंतूचा तो जन्मजात गुण आहे. म्हणून सरसकट क्षयाचा कोर्स सुरू करण्याआधी, हे जंतू बीसीजीचे असू शकतात, हे उपचार करणाऱ्याला माहीत हवं.

आणि डोळे. नुसते लाल, चिकट असतील तर बहुधा साधा दाह. पण डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, असू शकतो आणि त्यात दिरंगाई दृष्टीला महागात पडते.

गोदाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री

डॉक्टर, फाइलच्या पहिल्या पानाचं तुम्ही लिहिलंत त्यावर माझा अगदी जीव आहे. बाबा सगळ्यांना सांगत, "लघवीच्या पिशवीत औषध सोडतात." बीसीजी हा शब्द त्यांनी आमच्या डॉक्टरांपुढे उच्चारलाच नव्हता, आणि कॅन्सर तर ते कुणापुढेच म्हणत नाहीत. लेबोरेटरीत, मेडिकलमध्ये, अगदी दातांच्या डॉक्टरांकडेही हेच. आता मी जाड पेनने कार्ड लिहून त्यांच्या खिशात ठेवलं आहे : 'मूत्राशयाच्या कर्करोगासाठी जिवंत बीसीजी मूत्राशयात दिलं आहे. शेवटचा डोस तारीख अमुक. सांधे सुजल्यामुळे थांबवलं.' खाली युरोलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ दोघांचे फोन. ज्यांच्या घरी डोस चालू आहेत त्यांनी सांधे सुजायची वाट न बघता आजच असं कार्ड करा.

कोपरा | २५ ऑगस्ट, सकाळी

आम्ही चाळीत राहतो. संडास चार घरांचा मिळून. वडिलांचे डोस सुरू झाले आहेत. जिवंत जंतू आहेत म्हणता, तर शेजाऱ्यांना काही अपाय? विचारायला संकोच वाटत होता.

कृष्णाकाठचा | २५ ऑगस्ट, सकाळी

संकोच करू नका, आम्हाला हे लेखी दिलं होतं. डोसनंतर पहिले सहा तास लघवी पुरुषांनीही बसूनच करायची, म्हणजे उडत नाही. प्रत्येक वेळी लघवी झाली की भांड्यात तिच्याइतकंच ब्लीच, म्हणजे साधं सोडियम हायपोक्लोराइट, ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग पाणी. चाळीत वीस मिनिटं संडास अडवून ठेवणं जमायचं नाही. मी असतो तर झाकणाचं भांडं वापरलं असतं : घरच्या मोरीच्या कोपऱ्यात लघवी भांड्यात करायची, त्यात ब्लीच घालून झाकून ठेवायचं आणि वेळ झाली की ओतायचं. नर्सला विचारून घ्या. साबणाने हात स्वच्छ धुवा. घरात किमो चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेलं माणूस असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

गोदाकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री

बऱ्याच दिवसांनी येते आहे, कारण सांगण्यासारखं काही ठोस हाती यायचं होतं.

टीबीचं कल्चर निगेटिव्ह आलं. बाबांच्या गुडघ्याची वाटी पुन्हा दिसते. मनगटं मोकळी झाली, घोटा सकाळी थोडा आखडतो. स्टेरॉइड हळूहळू उतरवत आहेत, अचानक बंद करायचं नाही असं बजावलं आहे. साखर वाढली होती, ती आता आटोक्यात येते आहे. डोळे नेत्रतज्ज्ञांनी दोनदा तपासले, आत काही नाही.

पुढच्या उपचारांचं असं ठरलं. बीसीजी पुन्हा द्यायचं नाही. दोन्ही डॉक्टर फोनवर आमच्यासमोर एकमेकांशी बोलले, आणि त्या दहा मिनिटांत मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या फेऱ्यांत कळलं नव्हतं. पुन्हा दिलं तर सांधे पुन्हा, कदाचित आणखी जोराने, उसळण्याचा धोका आहे. युरोलॉजिस्टनी धीर दिला की सहापैकी पाच डोस मिळाले म्हणजे पहिला टप्पा पुरेसा धरतात, तो वाया गेलेला नाही. दुर्बिणीची तपासणी झाली, आत स्वच्छ आहे, लघवीतल्या पेशींचा रिपोर्टही चांगला. यापुढे जेमसायटाबीन आणि डोसिटॅक्सेल ही किमोची औषधं लागोपाठ मूत्राशयात सोडायचा विचार आहे. तीही नळीतूनच, पण ती जंतूंची नाहीत. दर तीन महिन्यांनी दुर्बीण. गाठ परत आली, तर मूत्राशय काढण्याचा विषय उघडपणे बोलायचा, हेही त्यांनी लपवलं नाही. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. विडी त्यांनी कधीच सोडली आहे, पण या आजाराचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे हे त्यांना पहिल्यांदा कुणी समजावून सांगितलं. संध्याकाळी त्यांनी माझ्या धाकट्या काकांना स्वतः फोन लावला आणि त्यांना सिगारेट सोडायला सांगितली.

आई जेवू लागली आहे.

केवडा | ६ ऑक्टोबर, रात्री

ताई, इतकं बरं वाटलं वाचून. माझ्या कामावर एकांच्या यजमानांचे डोस चालू आहेत, त्यांना हा धागा पाठवते आहे.

नव्यानेआले | ८ ऑक्टोबर, सकाळी

केवडाताईंनी धागा पाठवला, म्हणून सदस्य झाले. मी कोल्हापूरहून. आमच्या ह्यांचे चार डोस झालेत. परवापासून उजवा घोटा सुजला आहे, चप्पल घालता येत नाही. काल संध्याकाळी अंग गरम होतं. हे म्हणतात, पाय मुरगळला असेल. उद्या पाचवा डोस आहे. उद्या गेल्यावरच डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का? दवाखान्यात फोन करून त्रास द्यावा असं वाटत नाही.

शिरीषपान | ८ ऑक्टोबर, सकाळी

वहिनी, आत्ताच फोन करा. "बीसीजी चालू आहे, ताप आहे, घोटा सुजला आहे" ही तीन वाक्यं या क्रमाने सांगा. ताप थर्मामीटरने मोजून आकडा सांगा. डोळे लाल आहेत का, दुसरा एखादा सांधा सुजला आहे का, हे बघा. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय उद्याचा डोस घेऊ नका. तापाबरोबर हुडहुडी भरली, धाप लागली किंवा ताप चढाच राहिला, तर फोनची वाट न बघता रुग्णालयात न्या. तो प्रकार वेगळा आणि तातडीचा असतो.

गोदाकाठ | ८ ऑक्टोबर, सकाळी

आणि फोन तुम्हीच करा, त्यांच्यावर सोपवू नका. बाबाही "मुरगळला असेल" असंच म्हणत होते. दोन्ही घोटे शेजारी ठेवून फोटो काढा, तो दाखवायला उपयोगी पडतो.

नव्यानेआले | ८ ऑक्टोबर, दुपारी

केला फोन. ताप १०१ होता. आधी रिसेप्शनवर म्हणाले, उद्या या. मी ती तीन वाक्यं तशीच्या तशी सांगितली, तेव्हा डॉक्टरांना जोडून दिलं. उद्याचा डोस रद्द केला आहे आणि आज चार वाजता बोलावलंय, रक्त आणि लघवी तपासायची आहे. सांध्यांच्या डॉक्टरांनाही तिथेच बोलावून घेणार म्हणाले. कार्ड लिहून ह्यांच्या खिशात ठेवलं आहे. निघतो आहोत, रात्री कळवते.